गिनी पिग वाळतो तेव्हा

१८९५च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या पशुविभागाच्या एका अहवालात थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने जाता जाता एक नोंद करून ठेवली. स्मिथ डुकरांच्या साथीच्या रोगावर काम करत होते आणि त्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत गिनी पिग पाळलेले होते. या प्राण्यांना नुसता कोंडा आणि ओट घातले, हिरवं गवत किंवा कोबीसारखा रसदार पाला दिला नाही, तर त्यांना एक चमत्कारिक आजार होतो. कातडीखाली रक्त साकळतं आणि चार ते आठ आठवड्यांत ते मरतात, असं स्मिथ यांनी लिहिलं. त्यापुढे ते गेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर जंतू होते. खुराड्यातल्या चाऱ्याचा विषय तिथेच संपला.

मी पुण्यात लहान प्राण्यांची डॉक्टर आहे. कुत्र्या-मांजरांच्या जोडीला ससे, पक्षी आणि अलीकडे बरेच गिनी पिग माझ्या दवाखान्यात येतात. बुटांच्या खोक्यात, भाजीच्या पिशवीत, कधी टॉवेलमध्ये गुंडाळून. घरच्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: ‘अहो डॉक्टर, खातो तर सगळं, पण हडकत चाललाय.’ स्मिथ यांच्या नोंदीनंतरची चाळीसेक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळा याच वाक्याचं उत्तर शोधत होत्या. त्या शोधातून माणसाला ‘क’ जीवनसत्त्व सापडलं. तपासणीच्या टेबलावर गिनी पिग ठेवून मी आज जे प्रश्न विचारते, ते त्या चाळीस वर्षांत कुणीतरी, कुठल्या तरी संकटात, पहिल्यांदा विचारलेले आहेत. म्हणून हा इतिहास मला माझ्या कामाचाच भाग वाटतो.

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरच्या उंच डोंगराळ भागात काही हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवलं, ते खाण्यासाठी. ‘कुय’ हे त्याचं तिथलं नाव. आजही तिथल्या खेड्यांत चुलीच्या खोलीत जमिनीवर हे प्राणी हिंडताना दिसतात. भाज्यांची देठं, मक्याची हिरवी पानं, गवत आणि स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेला लसूणघास हा त्यांचा आहार. शरीराला लागणारं ‘क’ जीवनसत्त्व गिनी पिग स्वतः तयार करू शकत नाही. बहुतेक प्राणी ते करतात. पण ज्या घरात हिरवा चारा कधी तुटतच नाही, तिथे ही उणीव कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. प्राणी वाळला तर चारा कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो बरोबरही होता.

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून हा प्राणी युरोपात पोचला. तिथे श्रीमंतांच्या मुलांनी त्याला हौसेने पाळलं. शांत, न चावणारा, लहान जागेत राहणारा आणि लवकर वाढणारा, म्हणून मग शास्त्रज्ञांनीही पाळला. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनी पिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते तोलून पाहिलं. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे, या विचाराला त्या तोलण्याने बळ मिळालं. तराजू आणि गिनी पिग यांची गाठ अशी फार पूर्वीच पडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्र आलं आणि वाळलेल्या गिनी पिगला वेगळा अर्थ मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू जाहीर केला, त्यामागच्या प्रयोगांत गिनी पिग मोठ्या संख्येने होते. क्षयाची बाधा या प्राण्याला फार सहज होते. संशयित थुंकी किंवा दूध टोचलेला गिनी पिग काही आठवड्यांत वाळत जाऊन मेला, की नमुन्यात क्षय आहे असं धरायचं, ही पुढे अनेक दशकं निदानाची मान्य पद्धत होती. आपल्याकडेही तो याच वाटेने प्रयोगशाळेत दिसू लागला. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढची हाफकिन संस्था. तिथे ग्लेन लिस्टन आणि नंतर प्लेग कमिशनच्या लोकांनी गिनी पिग वापरले. प्लेग झालेल्या घरात गिनी पिग सोडला, की उंदरांवरच्या पिसवा त्याच्या अंगावर चढत. त्या वेचून तपासल्या जात. परळला मुद्दाम बांधलेल्या कौलारू खोल्यांतही हे प्रयोग झाले आणि उंदीर, पिसू, माणूस ही साखळी पक्की झाली. या सगळ्या खोल्यांत वाळलेला गिनी पिग म्हणजे आजारी गिनी पिग, आणि आजार म्हणजे जंतू. स्मिथ यांची ती नोंद अशाच एका खोलीत लिहिलेली होती.

त्या नोंदीतला आजार पुन्हा दिसला तो नॉर्वेत. क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये, अक्सेल होल्स्ट हे विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. नॉर्वेच्या शिडाच्या जहाजांवर खलाशांचे पाय सुजत, हृदय थकत जाई. त्याला ‘जहाजावरचं बेरीबेरी’ म्हणत. पूर्वेकडे, जावा बेटावर, आइकमन आणि ग्रेन्स या डच डॉक्टरांनी पांढऱ्या सडीक तांदळावर कोंबड्या ठेवून बेरीबेरीसारखा आजार घडवून दाखवला होता. होल्स्ट तिथल्या बटाव्हियाला जाऊन ग्रेन्स यांना भेटून आले. आपल्याला पक्ष्याऐवजी सस्तन प्राणी हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी गिनी पिग निवडले. जोडीला थिओडोर फ्रोलिक हे बालरोगतज्ज्ञ होते. प्राण्यांना त्यांनी निरनिराळी धान्यं आणि पाव दिले.

बेरीबेरी काही झाला नाही. प्राणी झपाट्याने वाळले आणि महिनाभरात मेले. चिरून पाहिल्यावर दाढा हिरड्यांत सैल झालेल्या, सांध्यांशी आणि फासळ्यांच्या टोकांशी रक्त साचलेलं, हाडं सहज मोडणारी. फ्रोलिक यांनी असं चित्र बाळांमध्ये पाहिलेलं होतं. ती स्कर्व्ही होती, तोवर फक्त माणसाचा समजला जाणारा रोग. १९०७ साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं.

या निबंधातला एक भाग माझ्या कामाला फार जवळचा आहे. प्राणी वाळतोय म्हणजे उपाशी मरतोय, ही सगळी लक्षणं निव्वळ भुकेची आहेत, असा आक्षेप येणार हे दोघांना ठाऊक होतं. म्हणून केवळ उपासमारीने मेलेले गिनी पिगही त्यांनी तितक्याच काळजीने तपासले. वजन घटलं होतं, पण सैल दाढा, हाडांपाशी साकळलेलं रक्त यांचा पत्ता नव्हता. वाळण्याचे दोन प्रकार असतात, एक पोट रिकामं असल्याचा आणि दुसरा पोट भरलेलं असूनही, हे तिथे पहिल्यांदा स्वच्छ वेगळं झालं. धान्याच्या जोडीला ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की प्राणी वाचत. कोबी वाळवली की तिचा गुण जाई. नॉर्वेतच वॅलेंटिन फ्युर्स्ट यांनी १९१२ साली आणखी एक गोष्ट दाखवली: कोरडं धान्य आणि कडधान्य गिनी पिगला स्कर्व्हीपासून वाचवत नाही, पण तेच भिजवून मोड आणले की वाचवतं.

यानंतर उत्तर सगळ्यांनी मान्य करायला हवं होतं. तसं झालं नाही. १९१७ साली अमेरिकेत ई. व्ही. मॅककॉलम आणि पिट्झ यांनी वेगळंच कारण मांडलं. मॅककॉलम हे उंदरांवर आहाराचे प्रयोग करणारे त्या काळातलं मोठं नाव. त्यांच्याकडचे उंदीर अशाच आहारावर ठणठणीत राहत होते. मग गिनी पिगच का मरावेत? मेलेल्या प्राण्यांच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत घट्ट मळ साठलेला त्यांना आढळला आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की हा बद्धकोष्ठाचा परिणाम आहे. रेचक दिल्यावर काही प्राणी सुधारलेही.

त्यांच्या बाजूने विचार केला तर हे अगदी समजण्यासारखं आहे. गिनी पिगचं आतडं सतत चाललेलं लागतं. त्याने खाणं थांबवलं की पोटाची हालचाल मंदावते, वायू धरतो आणि प्राणी आणखी खात नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेक वाळलेल्या प्राण्यांचं पोट असंच धरलेलं असतं. पण ते बहुधा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतं आणि नुसत्या पोटाच्या औषधाने तो मूळचा त्रास जात नाही. शिवाय उंदीर आपलं ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवतो, ही गोष्ट मॅककॉलम यांना तेव्हा कळण्याची शक्यताच नव्हती. एका प्राण्याला पुरणारा आहार दुसऱ्याला पुरेलच असं नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत गिनी पिगसोबत सशाचं खाद्य हातात दिलं जातं, तेव्हा नेमकं हेच विसरलेलं असतं. सशाच्या खाद्यात ‘क’ जीवनसत्त्व घालत नाहीत; सशाला त्याची गरज नसते.

मॅककॉलम यांना उत्तर मिळालं ते मुख्यतः लंडनच्या चेल्सी भागातल्या लिस्टर संस्थेतून. पहिलं महायुद्ध चालू होतं, पुरुष शास्त्रज्ञ आघाडीवर गेले होते. संस्थेत हॅरिएट चिक यांच्याभोवती स्त्रियांचा एक गट कामाला लागला: मार्गारेट ह्यूम, रूथ स्केल्टन, मेबल ऱ्होड्स, वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन डेल्फ, आणि जुने कागद धुंडाळणाऱ्या ॲलिस हेंडरसन स्मिथ. १९०५ साली चिक यांनी या संस्थेत जागेसाठी अर्ज केला तेव्हा बाई नको म्हणून विरोध झाला होता. त्या टिकल्या, आणि वयाच्या १०२ वर्षांपर्यंत जगल्या.

त्यांच्या प्रश्नामागे आपली माणसं होती. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन कूत अल अमारा इथे तुर्की वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. या डिव्हिजनमध्ये १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकणातली, देशावरची शेतकऱ्यांची मुलं. वेढ्यात एक विलक्षण गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिश शिपायांना बेरीबेरी होत होता, पण घोड्याच्या ताज्या मांसामुळे ते स्कर्व्हीपासून बरेच वाचत होते. कोंड्यासकटचं पीठ खाणाऱ्या हिंदी शिपायांना बेरीबेरी नव्हता. पण घोड्याचं मांस त्यांच्यातल्या बहुतेकांनी बराच काळ नाकारलं, भाजी जवळपास नव्हतीच, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. वेढ्याबाहेरच्या हिंदी फौजेतही मेसोपोटेमियात हा रोग हजारोंनी झाला.

सैन्याला वाळवंटात ताजी भाजी पुरवणं अवघड होतं. त्याऐवजी काय पाठवता येईल, याचं उत्तर चिक यांच्या गटाने गिनी पिगच्या वजनात शोधलं. प्राण्यांना ओट, कोंडा आणि दाबाखाली भरपूर तापवलेलं दूध द्यायचं. या आहारावर पोट भरतं आणि फक्त स्कर्व्हीला अडवणारा पदार्थ तेवढा गैरहजर असतो. मग एकेका गटाला एकेक अन्न, मोजून. प्राणी नेमाने तोलायचे, वाढ टिकते की वक्र खाली येतो ते पाहायचं, आणि शेवटी शरीर उघडून खात्री करायची. मॅककॉलम यांच्या प्रयोगातली एक गोम त्यांना याच शिस्तीमुळे कळली. प्राण्यांना दूध हवं तेवढं पिऊ दिलं, की काही जण भरपूर पितात आणि दुधातल्या थोड्याशा जीवनसत्त्वावर तगतात. जे कमी पितात ते मरतात. खुराड्यात ठेवलेलं आणि पोटात गेलेलं यांत फरक असतो. प्रत्येकाने किती प्यायलं ते मोजल्याशिवाय कोण का वाळला हे सांगता येत नाही.

त्या प्रयोगांतून निघालेली उत्तरं थेट शिपायांपर्यंत गेली. डेल्फ यांनी दाखवलं, की कोबी जितका जास्त वेळ शिजवावी तितकी निकामी होते. ब्रिटिश आरमार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली लहान हिरवी लिंबं वापरू लागलं होतं, आपल्या कागदी लिंबाची भावंडं. गिनी पिगवर तोलून पाहिल्यावर त्यांचा रस पिवळ्या लिंबाच्या मानाने बराच कमकुवत निघाला आणि बाटलीत टिकवलेला तर जवळजवळ निरुपयोगी. १८७५-७६च्या आर्क्टिक मोहिमेत लिंबाचा रस पिऊनही खलाशांना स्कर्व्ही का झाली, हे कोडं हेंडरसन स्मिथ यांच्या जुन्या कागदांमुळे आणि या प्राण्यांमुळे सुटलं. आणि कडधान्याबद्दल चिक यांनी सांगितलं, की वाटाणे, मसूर अख्खे घ्या, साधारण एक दिवस भिजवा, मग ओलसर फडक्यात दोनेक दिवस ठेवून मोड आणा आणि थोडाच वेळ शिजवा. १९१८ साली मोड आलेल्या घेवड्याच्या दाण्यांवर सर्बियन शिपायांची स्कर्व्ही बरी केल्याचंही एका लष्करी डॉक्टराने नोंदवलं.

हे वाचताना मला दर वेळी कूतमधली ती मराठा मुलं आठवतात. त्यांच्या घरी आई फडक्यात मटकी बांधून ठेवत होती. मोड आणायचं ज्ञान त्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. शिध्यात अख्खं कडधान्य हवं होतं, कारण फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, आणि त्या मोडांत जीव वाचवणारं काहीतरी आहे हे वेळेवर कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगणारे प्राणी लंडनमध्ये काट्यावर आले खरे. वेढा मात्र आधीच संपला होता.

इथून पुढे गिनी पिगचं वजन हे मोजमापाचं साधनच झालं. १९२० साली जॅक ड्रमंड यांनी या अज्ञात पदार्थाला ‘व्हिटॅमिन सी’ म्हटलं. १९२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेन्री शर्मन आणि सहकाऱ्यांनी तपासणीची पद्धत ठरवून दिली: भरडलेले ओट, तापवलेली साय काढलेली दूधभुकटी, लोण्याची चरबी आणि मीठ असा आहार, त्यात तपासायचं अन्न मोजून, ९० दिवसांची मुदत आणि प्रत्येक प्राण्याच्या वजनाचा आलेख. टोमॅटोचा किती रस दिला की रेघ सरळ वर जाते, किती कमी केला की आधी आडवी होते आणि मग कोसळते, हे त्या कागदांवर दिसतं. त्याच सुमारास निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी आणखी सूक्ष्म गोष्ट पाहिली. हिरड्या सुजण्याआधी, डोळ्याला स्कर्व्ही दिसण्याआधीच, गिनी पिगच्या आतड्यांत आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत बिघाड सुरू झालेला असतो. बाहेर दिसणारं लक्षण उशिराचं असतं, हा धडा मी रोज वापरते.

शेवटचा टप्पा हंगेरीतल्या सेगेड गावचा. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली वेगळा केलेला एक पांढरा पदार्थ त्यांच्याकडे पडून होता. १९३१ साली जोसेफ स्विर्बेली हा तरुण पिट्सबर्गहून तिथे आला. गिनी पिगवर जीवनसत्त्व तपासायचं कसब त्याच्या हातात होतं. उकळलेल्या अन्नावर ठेवलेल्या प्राण्यांपैकी ज्यांना रोज एक मिलिग्रॅम हा पदार्थ मिळाला ते ५६ दिवस वाढत राहिले. बाकीचे स्कर्व्हीने गेले. तो पदार्थच ‘क’ जीवनसत्त्व होता. पुढे तो भरपूर हवा होता, तेव्हा सेंट-ग्यॉर्गी यांना सेगेडच्या आसपास पिकणाऱ्या लाल मिरचीत, पाप्रिकात, त्याचा खजिना सापडला. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. १९५७ साली जॉन बर्न्स यांनी दाखवलं, की हे जीवनसत्त्व तयार करण्याच्या शेवटच्या पायरीवरचं विकर गिनी पिगच्या यकृतात नसतं, तसं ते माणसाच्या यकृतातही नसतं. पिढ्यान्‌पिढ्या हिरवा चारा खाणाऱ्या त्या अँडीजमधल्या प्राण्याची जुनी उणीव आणि आपली उणीव एकच निघाली.

हे सगळं समोरच्या वाळलेल्या प्राण्यापर्यंत येतं ते असं. पूर्ण वाढलेला गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. नर जड, मादी हलकी. मी आधी काट्यावर ठेवते आणि मग चिक यांच्या गटाने विचारला तोच प्रश्न विचारते: याच्या पोटात नेमकं काय जातं? काय ठेवता असं मी विचारत नाही. उत्तर बहुधा येतं: काकडी, गाजर, सशाचं खाद्य, कधी पोळीचा तुकडा. काकडी-गाजरात ‘क’ जीवनसत्त्व नावापुरतं असतं. निरोगी मोठ्या प्राण्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० मिलिग्रॅम लागतं. गाभण, वाढत्या किंवा आजारी प्राण्याला त्याहून बरंच जास्त. ढोबळी मिरचीचा एक तुकडा आणि मूठभर कोथिंबीर रोज दिली तर ही गरज भागते. पेरूतही ते भरपूर असतं, पण साखरेमुळे अगदी थोडाच द्यावा. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, कारण ते जीवनसत्त्व पाण्यात लवकर नष्ट होतं. गिनी पिगसाठी बनवलेल्या कोरड्या खाद्यातलंही काही महिन्यांत उडून जातं, म्हणून पाकिटावरची तारीख मी वाचून घेते. सेगेडची मिरची, क्रिस्तियानियाची ताजी आणि वाळलेली कोबी, दोन्ही इथे उपयोगी पडतात.

मग होल्स्ट आणि फ्रोलिक यांचा प्रश्न: ही भूक आहे की दुसरं काही? गिनी पिगचे वीसही दात जन्मभर वाढत असतात. लांब काड्यांचं वाळलेलं गवत चघळलं नाही, तर ते झिजत नाहीत. खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात. असा प्राणी अन्नाकडे धावत येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. घरच्यांना वाटतं खातोय. स्कर्व्हीत दाढा सैल होतात तेव्हाही चावणं दुखतं, आणि दोन्ही कारणं एकाच तोंडात भेटतात. एका पिंजऱ्यात दोन असतील तर वरचढ प्राणी ताटलीवर बसतो आणि दुसरा मागे राहतो. मग दोघांना वेगळं ठेवून कोण किती खातो ते बघायला सांगते. मोठ्या वयाच्या माद्यांत अंडाशयातल्या गाठी, काहींत अतिकार्यरत थायरॉइड, कुणाला खरजेचे किडे, कुणाला फुप्फुसाचा संसर्ग. जंतूंचा तो जुना अर्थही काही वेळा खराच असतो.

कोथरूडहून येणारी आठवीतली एक मुलगी तिच्या गिनी पिगचं वजन दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून वहीत लिहिते. त्या वहीत ८४०, ८४५, ८३५ अशा ओळी होत्या, मग ८१०, मग ७७०. प्राणी तोवर नेहमीसारखाच खेळत होता, शिट्टीही घालत होता. रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी शिकार होतो, म्हणून हे जनावर शेवटपर्यंत लपवतं. आकड्यांनी ते उघड केलं. तोंडात आरसा घालून पाहिलं तर डाव्या बाजूला दाढेला टोक आलं होतं आणि गालाला जखम होत होती. भूल देऊन ते घासलं, काही दिवस भिजवलेलं खाद्य सिरिंजने भरवलं आणि हिरव्या गवताच्या जुड्या वाढवल्या. ती वही शर्मन यांच्या आलेखांच्या जातीची आहे. एका प्राण्याची, पण त्याच शिस्तीची.

म्हणून माझ्याकडे गिनी पिग घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी तीन गोष्टी सांगते. ग्रॅममध्ये दाखवणारा काटा घ्या आणि आठवड्याला एकदा, एकाच वेळी, वजन लिहून ठेवा. ५० ग्रॅम घटले तर कारण शोधा. दहा टक्क्यांनी घटले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या. लांब काड्यांचं वाळलेलं गवत दिवसरात्र समोर असू द्या. बाजारातली लसूणघासाची जुडी पिल्लांना आणि गाभण मादीला चांगली. मोठ्यांना रोज नको, तीत कॅल्शियम फार असतं. आणि रोज काहीतरी ताजं, हिरवं, ज्यात ‘क’ जीवनसत्त्व आहे असं.

आज आपण मुलांना संत्रं देतो, हिरडीतून रक्त आलं की डॉक्टर गोळी लिहून देतात. या प्रत्येक गोष्टीमागे तोलला गेलेला, वाळवून मारला गेलेला एखादा गिनी पिग आहे. त्यांच्या देहांतून मिळालेलं हे ज्ञान आपल्याला फुकट आणि कायमचं मिळालं आहे. घरातल्या गिनी पिगसाठी ते वापरायला रोज पाच मिनिटं आणि रविवारी एक आकडा लागतो. तेवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.